पेन्सिलीनं लिहिलेलं मत

हे लिहायचंच नाही, असं धनराजनं जवळजवळ ठरवलं होतं. आधीचं लिहिलेलं एवढं अंगाशी आल्यावर कोण लिहील? पण लखनच म्हणाला, "लिही. फक्त माझं नाव बदल." म्हणून इथं तो लखन.

धनराजचं नाशिक रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शिक्षण बारावीत सुटलं. मोबाइल उघडायला व्हिडिओ बघून शिकला, वाचायची गोडी वाचनालयानं लावली. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पुस्तक, आणि वाचून झालं की फेसबुकवर वाचकांच्या ग्रुपात मत. तेही तुकड्यातुकड्यात, एका हातात स्क्रू ड्रायव्हर.

मागच्या महिन्यात त्यानं डॉक्टर-वकिलांची एक जाडजूड कादंबरी आणली. ऑपरेशनमध्ये बाई दगावते आणि वकील कोर्टात खोटं संमतीपत्र उघडं पाडतो, अशी. दुकानात गर्दी होती म्हणून आधी ती लखननं नेली. लखन शाळेपासूनचा दोस्त, एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला मदतनीस. आठ दिवसांनी पुस्तक परत देताना "टाइमपास हाय," एवढंच बोलला.

वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या कोऱ्या पानावर लोक पेन्सिलीनं मतं लिहितात. ग्रंथपाल बाई ओरडतात, लोक लिहितात. इथंही होती. 'एका बैठकीत संपवली.' 'शेवट पटला नाही.' 'वकील एवढा देखणा नसतो, माझा मेहुणा वकील आहे.' आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'पान २१२. असं होत नाही. संमतीपत्रावर अंगठा ऑपरेशननंतर घेतात. माणूस शुद्धीत नसतो. हात आपल्यालाच धरावा लागतो.'

धनराजनं ते दोनदा वाचलं. त्यानं पानाचा फोटो ग्रुपात टाकला आणि वर लिहिलं, 'लेखकाला चारशे पानांत जमलं नाही ते या वाचकानं चार ओळींत लिहिलं.' संध्याकाळपर्यंत तीनशे लाइक. खरं सांगायचं तर तो दिवसभर तेच बघत होता.

अक्षर त्यानं ओळखलं नाही. शाळेत लखन शाईनं, गोल गोल लिहायचा. हे घाईतलं होतं. निदान धनराज तसं म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लखन दुकानात आला. बसला नाही.

"काढ ते."

"काय?"

"माझं अक्षर."

धनराजच्या हातातला स्क्रू घरंगळत कुठंतरी गेला.

"थिएटरचं रजिस्टर मीच लिहितो रे येड्या. मॅनेजरनं मोबाइल आन् रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं माझ्यापुढं. विचारलं काहीच नाय. नुसता चहा पाजला."

"मला सांगायचं ना, तू लिहिलंय म्हणून."

"सांगता आलं असतं तर पुस्तकात कशाला लिहिलं असतं? अंगठ्याच्या गोष्टीवर तीनशे अंगठे गोळा केलेस. लय मोठा समीक्षक."

धनराजनं पोस्ट काढायला मोबाइल उघडला, तर खाली नवी कमेंट. राखी, सायखेडा. 'माझ्या आईच्या कागदावर अंगठा आहे. आई सही करायची. ग्राहक कोर्टात तारखा चालू आहेत, कोणी ऐकत नाही. हे कोणी लिहिलं, प्लीज सांगा.'

त्यानं मोबाइल लखनपुढं धरला. आता लखन स्टुलावर बसला.

"सायखेड्याची कुसाबाई," तो म्हणाला. "बांगड्या काढताना दोनदा म्हणली, मला सही येते बरं का. नंतर तिचा हात मीच धरला. साहेब म्हणले धर, मी धरला." त्यानं मोबाइल बाजूला सारला. "बोललो तर नोकरी जाईलच. वर हात धरणारा म्हणून मीच सापडंल."

"आणि नाही बोललास तर?"

"पुस्तक दे. खोडरबर हाय का?"

धनराजनं दिलं. लखननं 'पान २१२' खोडलं. 'असं होत नाही' खोडलं. फुंकर मारून भुगा उडवला. पुढची ओळ अंगठ्याची होती. खोडरबर तिच्यावर टेकवून तो तसाच बसून राहिला.

धनराजनं पुस्तक हळूच ओढून घेतलं. राखीचं नाव कागदावर उतरवलं आणि पोस्ट काढून टाकली. पुस्तक ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं आणि किल्ली लखनच्या हातावर ठेवली.

"तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही," तो म्हणाला. "आणि पुस्तकही मी परत करणार नाही, ग्रंथपाल बाईंनी कितीही निरोप पाठवू दे. तू ही किल्ली घेऊन आलास की त्याच दिवशी दुकान बंद करीन. सायखेड्यापर्यंत गाडी मी चालवीन, आणि राखीसमोर तुझ्या शेजारी बसीन."