डांबर ज्याचं, पाय त्याचा

मंगरूचा डोंगा, मासेमारीची लाकडी होडी, वर्षभर तलावाच्या पाळीवर पालथा पडून होता. कुत्री त्याच्या सावलीला बसत, पोरं त्याच्यावर चढून उड्या मारत, आणि ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली मोठी माणसं तिथून जाताना नजर दुसरीकडे वळवत. माणूस घेतलेला डोंगा वर्षश्राद्ध झाल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही, असा तिथला रिवाज. वर्षश्राद्ध माघात उरकलं. फागुनात तलावाचं पाणी उतरू लागलं की मासेमारीचे खरे दिवस येतात, सानगडीच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक वाढतं. तेव्हा भय्याजींनी मंगरूच्या बायकोला, शकुनला, निरोप धाडला की आता डोंगा साफ करायला घे. भय्याजी मोहल्ल्यातले सगळ्यात जुने. त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

डोंगा साफ करायची तिथली रीत ठरलेली आहे. जुनं डांबर खुरपून काढायचं, चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, माती लावून घासून धुवायचं, आतून जवसाचं तेल चोळायचं, हे सगळं बायकांनी. मग बाहेरून डांबर लावायचं ते पुरुषानं. आणि ज्यानं डांबर लावलं त्यानंच पहिल्या दिवशी एकट्यानं डोंग्यात बसायचं, तलावाच्या मध्यावर रोवलेल्या सागाच्या खुंट्याला हात लावायचा आणि परत यायचं. त्यानंतर नारळ. डांबर ज्याचं, पाय त्याचा, असं तिकडे म्हणतात. यात देवधर्म कमी आणि शहाणपण जास्त. आपण बुजवलेल्या भोकावर आपल्यालाच बसायचं आहे म्हटल्यावर आळशी माणसाचाही हात सरळ चालतो.

गेल्या वर्षी डांबर लावलं होतं मंगरूच्या धाकट्या भावानं, लिलाधरनं. पण ऐन वेळी त्याचं पोट दुखायला लागलं. पाळीवर वाकून बसला. माणसं जमलेली, नारळ आणलेला, तेव्हा मंगरूच म्हणाला की बस तू, मी जाऊन येतो. जाताना नवं जाळंही सोबत घेतलं. रिकाम्या हातानं पाण्यात जाणं त्याला जमतच नसे. खुंट्यापाशी डोंगा बुडाला. मंगरू पट्टीचा पोहणारा, पण जाळं पायात गुरफटलं आणि खाली कमळाच्या देठांचं रान. इतर डोंगे अजून पालथेच होते. माणसं पोहत पोहोचेपर्यंत पाणी शांत झालं होतं.

आता ढिवर बुडाला म्हटल्यावर गावाला कारण हवं. ते लिलाधरनं पुरवलं. दादानं सकाळीच घेतली होती, मी नको नको म्हणत होतो, तोल जाऊन डोंगा पालथा केला असेल, असं तो रडत रडत सांगत सुटला. मंगरू बाजाराच्या दिवशी थोडी घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक. शितावरून भाताची परीक्षा करणारं गाव, पुरावा कशाला मागेल? 'ढिवराचं पोर पाण्यात नाही बुडत, बाटलीत बुडते,' असं कोणी तरी म्हणालं आणि ते वाक्य पार साकोलीपर्यंत जाऊन पोचलं. तिथल्या कॉलेजात मंगरूची पोरगी रीना अकरावीला होती.

त्या सकाळी मंगरूनं शकुनच्या हातचा चहा घेतला होता, तिच्यासमोर बसून. तोंडाला वास नव्हता. चोवीस वर्षं ज्याच्याशेजारी निजली त्याच्या तोंडाचा वास तिला कळणार नाही तर कोणाला? पण बायकोची साक्ष ती किती! रीनासुद्धा एकदा म्हणाली, 'तू तं बाबाचीच बाजू घेशील.' त्या दिवशी पोरीनं बापाचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी घालून ठेवला. तेव्हापासून 'बाबा' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. नवरा गेला ते दुःख शकुननं कसंबसं गिळलं होतं. पोरगी बापाची लाज बाळगून मोठी होते आहे, हे मात्र तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. मेलेल्या माणसाला परत येऊन आपली बाजू मांडता येत नाही, ही मरणातली खरी वाईट गोष्ट.

तर शकुन खुरपं, पाटी आणि जुनी पोती घेऊन पाळीवर बसली. वर्षभराच्या उन्हानं डांबराला तडे गेले होते, पापुद्रे हाताबरोबर निघत. पहिल्या दिवशी तिनं एक अंग साफ केलं. दुसऱ्या दिवशी बुडाशी आली, आणि एका जागी खुरपं अडलं. तिथं डांबर जाड होतं. बाकी सगळीकडे एक थर, इथं पंजाएवढ्या जागेवर दोन. वरचा थर निघाला, खाली जुना थर आला, तो फाटलेला. फाटीतून खुरप्याचं टोक सहज आत गेलं. लाकडात जसं जातं तसं नाही, भिजल्या भाकरीत जावं तसं.

तिनं बोटानं उकरलं. पोत्याचा तुकडा निघाला, त्यामागून वाळलेली चिकणमाती, आणि मग कुजलेल्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाचा भुगा. भोकातून खालची जमीन दिसली.

कुजकी फळी दुरुस्त करायची म्हणजे कुजकं सगळं पटाशीनं कापून काढायचं, तिथं नवा तुकडा ठोकून बसवायचा, फटीत काथ्या भरायचा, त्यावर जवसाच्या तेलात उकळलेली राळ ओतायची. दोन दिवसांचं काम. गेल्या वर्षी त्याच दिवसांत शेजारच्या गावी शंकरपट होता, आणि बैलांच्या शर्यती म्हटल्या की लिलाधर जेवण सोडून धावणारा. दुपारी काम सुरू केलं आणि संध्याकाळी तो पटावर होता, हे शकुनला आठवलं. आणखीही एक आठवलं. मंगरूला माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी लिलाधर डांबराचा डबा घेऊन पाळीवर गेला होता. दादाचा डोंगा आहे, उन्हानं तडकेल, म्हणाला. बायाबापड्यांनी डोळे पुसले होते, भाऊ असावा तर असा म्हणून. वरचा थर त्या दिवशीचा.

म्हणजे डोंगा कच्चा आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पोट दुखलं. भाऊ आत बसतो आहे हे पाहत तो वाकून बसून राहिला, आणि भाऊ बुडाल्यावर त्याला दारुड्या ठरवून मोकळा झाला.

शकुन भर उन्हात तिथंच बसून राहिली. हातातला पोत्याचा तुकडा तिनं किती वेळ दाबून धरला होता कोण जाणे. उठून मोहल्ल्यात जावं आणि बोंब मारावी असं शंभरदा वाटलं. पण बोंब मारून काय? वर्षभर उन्हात पडलेलं लाकूड आहे, कुजलं असेल, असं म्हणतील. माती पोरांनी भरली असेल म्हणतील. बाई नवऱ्याचं नाव धुवायला दिराच्या तोंडाला काळं फासते, असंही म्हणतील. गावाच्या तोंडाला काय, झाकण थोडंच असतं?

दोन दुपारी, पाळीवर चिटपाखरू नसताना, तिनं नवऱ्याची पटाशी आणून ते भोक स्वतः दुरुस्त केलं. मंगरूला करताना तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की हात आपोआप चालले. तुकडा घट्ट बसला. तिनं त्या जागी पाण्यानं थबथबलेलं पोतं रात्रभर ठेवलं, थेंब झिरपला नाही. मग त्या जागेवर तिनं जुनं डांबर वितळवून पंजाएवढंच फासलं आणि वरून धूळ चोळली. बघणाऱ्याला वाटावं की तेवढी जागा खुरपलीच नाही.

लिलाधर डांबर लावायला आला तेव्हा त्याची नजर आधी तिथंच गेली.

'वहिनी, येवढी जागा काहून सोडली?'

'तिथलं डांबर चांगलं जाड होतं,' शकुन म्हणाली. 'तुमीच लावलं होतं ना, म्हणून नाई खुरपलं.'

तो कपाळाचा घाम पुसून कामाला लागला. शकुन बाजूला बसून आतल्या तट्ट्या धूत होती. डोंग्याच्या तळाशी पाय ठेवायला बांबूच्या तट्ट्या अंथरतात, त्या. तिचा जीव कानात गोळा झाला होता. खरं सांगायचं तर ती त्याला संधी देत होती. आता तरी तो पटाशी मागेल, वहिनी इथं लाकूड कच्चं वाटते म्हणेल, निदान उकरून बघेल. तेवढं केलं असतं तरी तिनं त्याला अर्धी माफी दिली असती. ब्रश त्या जागेशी आला, जरा थांबला आणि वरून फिरून पुढे गेला. त्यानं दुसऱ्यांदा तेच केलं.

डोंगे पाण्यात घालायच्या दिवशी सगळा मोहल्ला पाळीवर आला. रीनालाही शकुननं बळंच आणलं होतं. ती पोरगी लांब, बाभळीखाली, ओढणी तोंडाशी धरून उभी. चार माणसांनी डोंगा सुलटा केला, शकुननं झटकन तट्ट्या अंथरल्या, डोंगा पाण्यावर आला. भय्याजींनी वल्हं लिलाधरपुढं केलं.

लिलाधर पोट धरून खाली बसला.

रात्रीपासून मुरडा येतो आहे, म्हणाला. चिंधूभाऊ जाऊ दे. चिंधू हा मोहल्ल्यातला साधाभोळा म्हातारा, कोणीही सांगेल ते काम करणारा. त्याला मान मिळाल्याचाच आनंद. तो धोतर खोचून निघालाही.

भय्याजी म्हणाले, 'मागच्या साली बी तुयं पोटच दुखलं होतं.' रागानं नाही, आपलं आठवलं म्हणून. पण दोनचार माना वळल्या.

शकुननं चिंधूच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. चिंधूभाऊ, तुम्ही थांबा, म्हणाली, आणि लुगडं गुडघ्याशी आवळून स्वतः डोंग्यात बसली. पहिल्या फेरीला बाईमाणूस बसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. बायका कुजबुजल्या. लिलाधर खाली बघत राहिला. शकुन त्याच्याकडे बघत होती. आता बोलेल, भावाची बायको आहे, आता तरी बोलेल. तो नाही बोलला. तेव्हा तिच्या आत वर्षभर धरून ठेवलेलं काही तरी सुटलं. तिनं हाक मारली.

'रीना, ये. बस माह्यासंगं.'

का हाक मारली, हे तिला पुढंही सांगता आलं नाही. रीना आली, एक पाय आत टाकला. लहानपणी याच काकाच्या खांद्यावर बसून ती पटाला जायची. लिलाधर तटकन उठला आणि गुडघाभर पाण्यात धावत येऊन त्यानं डोंग्याची कड धरली.

'रीनाले उतरव, वहिनी. डोंगा फुटका आहे.'

भय्याजींनी हळूच विचारलं, 'कालच तं तू डांबर लावलं. फुटका आहे हे तुले कसं ठाऊक?'

लिलाधरनं कड सोडली नव्हती. शकुननं कमरेला खोचलेला पोत्याचा तुकडा काढला. मातीनं कडक झालेला, डांबरानं काळा. तो तिनं भय्याजींच्या हातात दिला. मग तळाची तट्टी बाजूला केली. आत साजाच्या जुन्या फळीत नव्या लाकडाचा पांढुरका तुकडा घट्ट बसलेला होता, कोरडा.

'फुटका होता,' ती म्हणाली. 'मागच्या साली. मी बुजवला. डांबर कोणाचं होतं, ते तुमी विचारा.'

तिनं रीनाला आत घेतलं, दिराची बोटं एकेक करून कडेवरून सोडवली आणि वल्हं मारलं. पाळीवर मागे काय चाललं हे तिनं वळून पाहिलं नाही. लिलाधरच्या रडण्याचा आवाज पाण्यावरून येत होता, आणि बाकी कोणाचाच नाही. नारळ कोणी फोडला नाही.

खुंट्यापाशी डोंगा थांबला. रीनानं खाली वाकून तो पांढरा तुकडा चाचपला, मग बोटं डोळ्यांसमोर धरली, पाणी लागलं का ते पाहायला.

'बाबा पिऊन नव्हते,' ती म्हणाली.

'नव्हते.'

ती खालच्या कमळांच्या काळ्या देठांकडे बघत राहिली. मग तिनं आईकडे पाहिलं आणि विचारलं, 'माह्यासाठी काका पाण्यात धावला. मंग बाबासाठी काहून नाही?'

तीन शब्दांचं काम होतं. आज लिलाधरच्या तोंडातून निघाले तेच, गेल्या वर्षी त्याच पाळीवर बोलायचे. तिनं खुंट्याला हात लावला, रीनाचाही हात धरून लावला, आणि डोंगा घराकडे वळवला.