बर्ल हॉलिसचा तेरावा

जेरिको काउंटी या बँडचा ड्रमर बर्ल हॉलिस वारला, ही बातमी रघुवीरला सोमवारी सकाळी बायकोच्या ई-मेलवर मिळाली. एकामागून एक सतरा मेल आले होते. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: शेवटचाही गेला, डॉक. तुझ्या लेखाची वाट बघतोय.

डॉक म्हणजे डॉक्टर सुप्रभा वैशंपायन, रघुवीरची बायको. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ती भूल द्यायची. ती जाऊन सात महिने झाले होते, आणि त्या सतरा जणांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. रघुवीरने सांगितलंच नव्हतं.

जेरिको काउंटी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या एका आडगावची सहा पोरं. तीन गिटार, एक बास, एक ऑर्गन आणि मागे बर्लचे ड्रम. सत्याहत्तर साली सुप्रभा नवीनच कार्डिफला आली होती, तेव्हा एक वेल्श सर्जन ऑपरेशन करताना त्यांची कॅसेट लावायचा. पेशंटच्या उशाशी बसून सुप्रभाने ती ऐकली आणि त्या गाण्यांत गुंतली ती कायमची. रघुवीरला त्यातलं काही कळायचं नाही. तीन-तीन गिटार एकदम कशाला, असं त्याने एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "अहो, आम्ही तिघी बहिणी सांगलीला एकदम बोलायचो ना, तसंच आहे ते. सगळ्या बोलताहेत आणि सगळं कळतंय."

एकोणऐंशी साली बँडची बस पुलावरून घसरली. गिटार वाजवत गाणारा डेल प्रुइट आणि बास वाजवणारा, दोघे जागच्या जागी गेले. वर्तमानपत्रांनी किती रेकॉर्ड खपल्या ते छापलं. सुप्रभाला ते आवडलं नाही. तिने त्या गावच्या न्हाव्याचा फोन नंबर मिळवला, त्याच्याशी तासभर बोलली आणि दोन पानं लिहून काढली. डेल बोलताना अडखळायचा, गाताना कधीच नाही. हॉटेलात तो मेन्यूवर बोट ठेवूनच जेवण मागवायचा. बासवाला घरी असला की शेजाऱ्यांची वॉशिंग मशिनं दुरुस्त करायचा. ही दोन पानं तिने चाळीस लोकांना पाठवली. त्यांतून वार्तापत्र सुरू झालं. तिमाहीला चार पानं, टाचणी मारलेली, पुढे ई-मेलवर. वाचणारे बहुतेक पन्नाशीचे पुरुष: पोस्टमन, बस ड्रायव्हर, पोलादाच्या कारखान्यातले. वैशंपायन हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती डॉक झाली.

बँडमधलं माणूस गेलं की ती त्याच्यावर लिहायची. गिटार वाजवणारे दोघे सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण स्टेजवर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. थोरला दारूने गेला, तेव्हा धाकट्याने रिकाम्या जागेकडे तोंड करून वाजवलं. मग धाकटाही गेला, मग ऑर्गनवाला. प्रत्येकाचा लेख बरोबर तेराव्या दिवशी निघायचा. तिचं म्हणणं, तेरा दिवस घरच्यांना बोलू द्यावं, आपण नंतर बोलावं. वाचकांना तेराव्याचं काय ठाऊक? बँडचं सगळ्यांत मोठं गाणं तेरा मिनिटांचं होतं, त्यावरून हा नियम आला असं त्यांनी ठरवून टाकलं. तिनेही कधी खुलासा केला नाही.

तिच्या स्वतःच्या तेराव्याचा मात्र घोळ झाला. क्रेमॅटोरियममध्ये अकराव्या दिवसाशिवाय वेळ मिळेना. बर्मिंगहॅमच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं, दिवस मृत्यूपासून मोजा. म्हणजे दहावा आधी आणि अग्नी नंतर. मुलगी आश्लेषा बाराव्या दिवशी लंडनला, ईलिंगला परतली, तिची रजा संपली होती. तेराव्याला रघुवीरने मागच्या अंगणातल्या भिंतीवर पानात दहीभात ठेवला. कावळा यायच्या आत सीगल आले आणि पान फाडून सगळं घेऊन गेले. तो खिडकीतून बघत राहिला.

खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. ती गेल्यावर चौथ्या दिवशी फोन वाजला. पोर्ट टॅलबटचा ग्लिन म्हणून एक जुना वाचक होता, त्याने डॉक आहे का विचारलं. तीस वर्षं रघुवीर त्या फोनवर एकच उत्तर देत आला होता. तेच तोंडातून निघालं: ती ड्यूटीवर आहे. फोन ठेवल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. परत फिरवून सांगावं असं वाटलं, पण हात झाला नाही. मग मेल येऊ लागले. तिची उत्तरं दोन ओळींचीच असायची, तशी दोन ओळींची उत्तरं तो पाठवू लागला. वार्तापत्र का नाही असं कुणी विचारलं, की कामाचा ताण आहे, यंदा उशीर होईल, असं लिहायचा.

आश्लेषा दर रविवारी फोनवर हाच विषय काढायची.

"बाबा, एक मेल टाक ना. टू लाइन्स."

"टाकतो."

"तू एव्हरी टाइम टाकतो म्हणते."

"म्हणतोस," तो म्हणाला. ती हसली आणि विषय बदलला. का टाकत नाही ते त्याने तिला सांगितलं नाही. हॉस्पिटलने सुप्रभाच्या जागी दुसरी डॉक्टर घेतली होती. बँकेने तिचं नाव काढलं होतं. वार्तापत्राची दोनशे अकरा माणसं तेवढी उरली होती, ज्यांच्या लेखी ती अजून सकाळी घरातून निघत होती, दमून परत येत होती. तिथूनही तिला आपल्याच हाताने काढायची?

बर्ल रविवारी गेला होता. तेरावा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी येत होता. रघुवीरने तिच्या कपाटातली बर्लच्या नावाची फाइल काढली आणि तिच्या नावाने लेख लिहायला बसला. उभं आयुष्य त्याने पाण्याच्या कंपनीत पाइपांचे नकाशे काढले होते. चार वाक्यं लिहून झाली आणि त्याने ती वाचली. कुठल्या रस्त्याखालून कोणता पाइप जातो, असा तो मजकूर होता. त्याने ती पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार लिहिली, पुन्हा पुसली.

तेराव्याच्या दोन दिवस आधी, बुधवारी, ग्लिनचा फोन आला. शहात्तर साली स्वान्झीच्या एका क्लबात त्याने बर्लला तीन प्रश्न विचारले होते, त्याची कॅसेट त्याच्याकडे होती. प्रश्न इतके बावळट होते, की लाजेपायी तीस वर्षं कुणाला ऐकवली नाही. आता डॉकला द्यायची होती, पोस्टाच्या हवाली नाही, हातात. रघुवीरने ती फार गडबडीत आहे वगैरे सांगून पाहिलं. ग्लिन म्हणाला, मी शुक्रवारी सकाळी येतो, नसली तर थांबेन.

आणि तो आला. साठीचा आडवा गडी, गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या एकेक करून चढणारा. कॅसेट त्याने लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणली होती. रघुवीरने त्याला बैठकीत बसवलं आणि चहा टाकायला गेला. परत आला तेव्हा ग्लिन भिंतीवरच्या फोटोसमोर उभा होता. सुप्रभाचा फोटो, त्याला चंदनाचा हार.

"हीच का डॉक? एकोणीस वर्षं नुसता आवाज ऐकतोय," ग्लिन म्हणाला. "हार कशाचा? काही बक्षीस मिळालं?"

आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा तो हार बघून गप्प झालं असतं. रघुवीरच्या हातात ट्रे होता. तो म्हणाला, "हो. हॉस्पिटलकडून."

"मिळायलाच हवं होतं." ग्लिनने फोटोकडे बघून मान लववली. "अभिनंदन, डॉक."

रघुवीरने ट्रे खाली ठेवला. 

ग्लिन खुर्चीत बसून मोकळेपणी बोलत राहिला. अठ्ठ्याण्णव साली त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर आपण परत उठणार नाही असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी डॉकने स्वतःहून फोन केला, कोण कुठे उभं असेल, सुई कुठे टोचतील, तोंडावर मास्क आला की रबराचा वास येईल, सगळं सांगितलं. म्हणाली, दहापासून उलटे आकडे मोज, सातच्या पुढे जाणार नाहीस. "सातपर्यंतच गेलो," ग्लिन म्हणाला. मग त्याने घड्याळ बघितलं आणि गळ्यावरून हात फिरवला. तेव्हा रघुवीरचं लक्ष गेलं. त्याने टाय बांधला होता. कुणाच्या तरी लग्नानंतर घडी घालून ठेवलेला असावा, मधोमध आडवी चुणी पडली होती. तिला भेटायचं म्हणून बांधला होता.

"ग्लिन," तो म्हणाला, "ती येणार नाही."

"उशीर होईल का? मला घाई नाही."

"ती वारली. फेब्रुवारीत."

ग्लिनने कप तसाच धरला होता. "पण मे महिन्यात तिने मला उत्तर पाठवलं."

"ते मी पाठवलं."

"जूनमध्ये?"

"तेही मीच."

"फोनवर तुम्ही मला सांगत होतात ड्यूटीवर आहे. दर वेळी."

"हो."

ग्लिनचा चेहरा लाल झाला. आता हा उठून जाईल, चार शब्द सुनावेल, असं रघुवीरला वाटलं, आणि त्याची तयारीही होती. पण ग्लिनने पुन्हा फोटोकडे बघितलं. "मग तो हार?"

"आमच्यात माणूस गेल्यावर घालतात."

"आणि मी तिचं अभिनंदन केलं," ग्लिन म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस तोंडावर पंजे धरून हुंदके देऊ लागला.

रघुवीर उठला. त्याने पाणी आणलं, ग्लिनच्या पाठीवर हात ठेवला. आपण याचं सांत्वन करतोय, हे त्याला विचित्र वाटलं आणि बरंही वाटलं. इथे समाचाराला असं कोण येतं? शेजाऱ्यांनी कार्डं टाकली होती, हॉस्पिटलने फुलं पाठवली होती. समोर बसून रडणारं हे पहिलंच माणूस.

पाणी पिऊन झाल्यावर ग्लिनने विचारलं, "कसं झालं?"

गावी असता तर हे रघुवीरने पन्नास वेळा सांगितलं असतं. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि घरचा माणूस पहिल्यापासून सांगतो, सांगून सांगून धार बोथट होते. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. आश्लेषाला त्याने फोनवर चार शब्दांत सांगितलं होतं.

"सकाळी सहाला उठली," तो म्हणाला. "चहा मी केला. आलं जास्त झालं म्हणाली. मी दाढी करायला वर गेलो. ती खाली दाराशी बसून बूट घालत होती. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बॅग पडली. तिची बॅग नेहमी पडायची."

रघुवीरने दाराकडे बघितलं. 

"मी दाढी पुरी केली. अर्धा गाल राहिला होता. तोंड धुतलं, पुसलं. मग दार वाजलं नाही हे लक्षात आलं, म्हणून खाली गेलो. दहा मिनिटं गेली असतील. एका पायात बूट होता. मेंदूत रक्तस्राव झाला, वाचली नसतीच, असं डॉक्टर म्हणाले. पण दहा मिनिटं, ग्लिन. तिचा सगळा जन्म लोकांचे श्वास मोजण्यात गेला. आणि ती खाली पडलेली असताना मी गाल पुसत होतो. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही."

 तुमची चूक नव्हती असं ग्लिन म्हणाला नाही, त्याबद्दल रघुवीरने मनातल्या मनात त्याचे आभार मानले. शेवटी ग्लिनने विचारलं, "बाकीच्यांना मी कळवू का?"

"नको. मी कळवतो."

दोघे कॉम्प्युटरसमोर बसले. बर्लवरचा मजकूर ग्लिनने सांगितला, रघुवीरने टाइप केला. बर्लला त्याने विचारलं होतं, ड्रम वाजवताना कसला विचार करतोस? बर्ल म्हणाला होता, पुढच्या पाचही जणांच्या पाठी बघतो, कुणाचा शर्ट घामाने किती भिजलाय त्यावरून कळतं कोण दमलंय, मग मी जरा सावकाश घेतो. सुप्रभाला हे फार आवडलं असतं.

त्याखाली रघुवीरने लिहिलं: हा लेख डॉकने लिहिलेला नाही. डॉक, म्हणजे माझी पत्नी सुप्रभा, नऊ फेब्रुवारीला वारली. त्यानंतरची उत्तरं मी तिच्या नावाने पाठवली. ती अजून आहे असं मानणारं कुणीतरी मला हवं होतं. मला माफ करा.

आणखी काही सुचेना. ग्लिनने वाचलं आणि पुरे आहे म्हणाला. मग माउसकडे हात नेऊन त्याने विचारलं, "पाठवू?"

रघुवीरने त्याचा हात बाजूला केला आणि बटण स्वतः दाबलं. पडद्यावर ओळ आली, दोनशे अकरा जणांना पाठवलं. ती त्याने दोनदा वाचली. मग टेबलावर डोकं टेकून तो रडला, फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच, आणि ग्लिन दुसरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसून राहिला.