राणी आणि अंगारा

दर चातुर्मासात मी एक नेम धरते. एका वर्षी चहा सोडला, एका वर्षी चटईवर झोपले, गेल्या वर्षी जेवताना मौन पाळलं. यंदा आषाढी एकादशीला तुळशीपुढे हात जोडून म्हटलं, चार महिने खोटं बोलणार नाही. चहा सोडणं किती सोपं होतं, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं.

कारण माझं एक मंडळ आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुटलं की मी डोंबिवलीला न उतरता एक स्टेशन पुढे ठाकुर्लीला उतरते आणि दोन तास मंडळात बसते. गेल्या वर्षी पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कुठे होतीस?" मी म्हटलं, "मंडळात." त्यांनी लगेच देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "मग हरकत नाही. देवाच्या कामाला उशीर झालेला चालतो. मंगळवार-शुक्रवार खिचडी सुधीर टाकेल."

मंडळ भजनी आहे असं मी म्हटलं नव्हतं. कॅरमचं आहे, असंही म्हटलं नव्हतं. सुधीरने, म्हणजे आमच्या ह्यांनी, मुकाट्याने कुकर लावला. बायको खेळायला जाते म्हणून कुठला नवरा आठवड्यातून दोनदा खिचडी टाकेल? बायको भजनाला जाते म्हणून टाकतो. म्हणून मी गप्प राहिले.

त्यात ती पुडी. कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या नीट घसराव्यात म्हणून पांढरी बोरिक पावडर भुरभुरवतात. तिची एक पुडी माझ्या पर्समध्ये असायची. एकदा सासूबाई पर्समध्ये चष्मा पुसायचं फडकं शोधत होत्या. हाताला पुडी लागली. त्यांनी ती उघडली, कपाळाला लावली, मग गुडघ्याला.

"मंडळातला अंगारा होय. सांगायचंस तरी."

उद्या सांगू म्हणून मी झोपले. सकाळी त्या म्हणाल्या, गुडघा कितीतरी हलका आहे. बऱ्या झालेल्या गुडघ्याला काय सांगणार? तेव्हापासून दर शुक्रवारी त्या तळहात पुढे करून विचारत, "आणलास?" आणि मी म्हणत असे, "आणलंय." पुडी आणलेली असायचीच. नेम धरल्यावर हे उत्तर मी देवापुढे दोनदा तपासून घेतलं. देव काही बोलला नाही.

श्रावणातल्या त्या आठवड्यात मात्र सगळं एकदम आलं. आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापतात आणि मी ती वाचून चुका काढते. तिथे तपासणीला पाहुणे यायचे होते, म्हणून तीन वर्षांची लेबलं पुन्हा वाचायची होती. रविवारी सकाळी माझ्या लेकीचं, मैथिलीचं डोहाळजेवण, तिच्या सासरी, कोलशेतला. आणि त्याच रविवारी दुपारी चार वाजता ठाकुर्लीला महिला दुहेरीची फायनल. जोडीदार नंदा, पोळी-भाजी केंद्र चालवणारी. मी पोचले नाही तर तीही बाद. पन्नाशीत पहिल्यांदा कुठल्यातरी फायनलला पोचलेल्या दोन बायका होतो आम्ही.

डोहाळजेवण दोनपर्यंत आटपेल, तिथून निघायचं आणि ठाकुर्ली गाठायची. कुठे, असं कुणी विचारलं तर "मंडळात." मनातल्या मनात मी सगळं बसवलं होतं. तेवढ्यात गुरुवारी विहीणबाईंचा, हेमांगीताईंचा, फोन आला.

"सरोजताई, तुमचं मंडळ घेऊन या ना रविवारी. दोन-चार डोहाळे म्हटलेत की झालं. तुमच्या सासूबाई फार कौतुक करत होत्या."

"आमच्या मंडळाला गाता येत नाही हो," मी खरं ते सांगितलं.

"किती तो विनय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नंदाला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मला एक पाळणा येतो."

"पाळणा बाळ झाल्यावर म्हणतात गं."

"मग आपण थोडं आधी म्हणू. बाळ ऐकतंच असेल की आतून."

रविवारी नंदा जरीच्या साडीत आली, आणखी दोघींना घेऊन. मैथिली फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. सासूबाईंनी नंदाला पुढे बसवलं आणि विचारलं, "टाळ नाही आणलेत?" नंदाने शांतपणे पर्समधून दोन स्ट्रायकर काढले आणि एकमेकांवर वाजवत पाळणा सुरू केला. आवाज पहाडी, सूर गावाकडे राहिलेला. पण बायकांनी डोळे मिटून माना डोलावल्या. भजनी मंडळ म्हटलं की लोक सूर बघत नाहीत, भाव बघतात.

मग पेढा-बर्फी. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक मैथिलीने उघडली. बर्फी निघाली, म्हणजे मुलगी.

"क्वीन आली," नंदा ओरडली. "आता कव्हर घे पोरी, कव्हर, नाहीतर परत मध्ये ठेवतात."

"हे कुठलं भजन?" हेमांगीताईंनी मला हळूच विचारलं.

"हे भजन नाही," मी म्हटलं. तेवढं बोलून सुटेन असं वाटलं. पण सासूबाई उठल्या होत्या. कमरेची पुडी सोडून, बोटावर पांढरी पूड घेऊन त्या झोपाळ्यापाशी गेल्या. "थांबा, लेकराला अंगारा लावते. कपाळाला जरासा आणि चिमूटभर जिभेवर."

मी त्यांचा हात धरला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

"का गं?"

आता प्रश्न सरळ होता. नेमाने मला कोपऱ्यात गाठलं होतं, आणि पोर तोंड उघडून बसली होती.

"तो अंगारा नाही, आई. बोरिक पावडर आहे. कॅरमच्या बोर्डावरची."

"कॅरम कुठून आला?"

"आमच्या मंडळातून. ते कॅरमचंच मंडळ आहे."

मग सुधीर म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर कॅरमसाठी खिचडी टाकली?" त्यावर मैथिली इतकी हसली की फुलांचा मुकुट नाकावर आला.

"गाता येत नाही म्हणालात ते खरं होतं तर," हेमांगीताई म्हणाल्या.

"मी खरंच सांगितलं होतं."

सासूबाईंनी बोट पदराला पुसलं. मग कपाळ. मग गुडघ्याकडे बघितलं, जणू तोही कटात सामील होता.

"ताई," नंदा कुजबुजली, पण तिची कुजबुज दुसऱ्या मजल्यावर ऐकू जाते, "सव्वादोन झाले. चारला फायनल आहे."

मी जागची हलले नाही. आता कुणी जाऊ नको म्हटलं असतं तर मी गेले नसते, हे मला ठाऊक होतं. नंदाला त्याचा अंदाज आला असावा. तिने स्ट्रायकर पर्समध्ये टाकले आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"सुधीर, गाडी काढ," सासूबाई म्हणाल्या.

"घरी ना?"

"ठाकुर्लीला. घरी गेल्यावर काय ते बोलेन मी. आधी बघू दे, कुठल्या देवापुढे बसत होती ती."

पाच मिनिटं उरली असताना आम्ही पोचलो. नंदा जरीच्या साडीतच बसली. सासूबाई पहिल्या खुर्चीवर, हातात जपमाळ. "त्या लाल सोंगटीच्या मागे का लागलेत सगळे?" असं त्यांनी मोठ्याने विचारलं तेव्हा पंचांनी त्यांना गप्प केलं. सासूबाईंना कुणी गप्प केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि माझा एक नेम चुकला.

शेवटचा बोर्ड आला तेव्हा दोन्हीकडे सारखेच गुण होते. मी राणी घेतली, कोपऱ्यातून, अगदी अलगद. नंदाने डोळे मिटले. आता फक्त कव्हर, म्हणजे लगोलग आपली एक सोंगटी आत घालायची. सोंगटी खड्ड्याच्या ओठावर जाऊन थांबली. राणी पुन्हा मध्यभागी ठेवली गेली, समोरच्या पोरींनी ती उचलली, झाकली आणि जिंकल्या.

आमची गाडी परत निघाली. पत्री पुलाच्या बाजूने आलेली वाहनं पुढे अडली होती. सासूबाईंची माळ एकशेआठ पूर्ण होऊन पुन्हा सुरू झाली होती. मग त्यांनी ती पिशवीत ठेवली.

"वर्षभर अख्खं मंडळ झाकलंस," त्या मागे न बघता म्हणाल्या. "एक राणी नाही झाकता आली?"

नंदा खिडकीकडे तोंड करून हसायला लागली.

"मंगळवार-शुक्रवार पुरत नाहीत असं दिसतंय. रविवारीही जात जा. सुधीर, रविवारचीही खिचडी तुझ्याकडे."

"पण आई, आता का? आता तर कळलं ना सगळं."

"देवाचं काम आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. खोटं न बोलायचा नेम माझा होता, त्यांचा नव्हता.