बशीचा तुकडा

यज्ञेश्वर मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं ते हरिसिंग शाळेत रुजू झाल्यापासून. दारव्ह्याच्या त्या शाळेत चौदा वर्षं विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे फळ्यावर. बासष्ट साली नवी प्रयोगशाळा बांधून झाली. तिची चाबी कोणाच्या ताब्यात द्यायची, हे तपासणीला येणारे साहेब ठरवणार होते. मास्तरांनी तर मनातल्या मनात ती कधीच जानव्याला बांधून टाकली होती. आणि आता हा तांड्यावरचा पोरगा, नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेला!

"याचा आजा बैलांवर मीठ लादून गावोगाव हिंडत होता," ते बायकोला म्हणाले.

"मग काय झालं? पोरगा गुणाचा आहे," शीलाबाई म्हणाल्या. झालं! मास्तरांनी ताट सरकवलं अन् अर्ध्या जेवणावरून उठले.

हरिसिंगाच्या मनात मात्र काडीचं कपट नव्हतं. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेत तो मास्तरांकडेच आला, काळ्या किनारीच्या पांढऱ्या बशीचा तुकडा घेऊन.

"सर, हे लालबुंद तापवून अंधारात धरलं तर काळी किनार पांढऱ्याहून जास्त चमकते. जे उजेड जास्त गिळते, तेच तापल्यावर जास्त उजेड टाकते. मी लोहाराच्या भात्यावर करून पाह्यलं."

मास्तरांनी हे पुस्तकात वाचलं होतं, पोरांकडून घोकून घेतलं होतं. करून काही कधी पाहिलं नव्हतं. जीव असा जळाला म्हणता, की विचारू नका.

"उद्या शेगडी मी पेटवतो," ते म्हणाले.

"मंग तुकडाही शेगडीत तुमीच ठेवा, सर. मोठ्यांचा हात लागला म्हंजे काम फत्ते."

घरी येऊन मास्तरांनी एक पांढरी फुटकी बशी शोधली. किनारच नसली तर चमकणार काय, कपाळ? पण त्यांच्या घरची बशी कोरी कुठून असणार! हळदीकुंकवाला शेजारणी कपबश्या मागून नेत. त्या बदलून येऊ नयेत म्हणून मास्तर स्वतः प्रत्येकीच्या बुडाला, खरबरीत भागावर, दौतीतल्या निळ्याकाळ्या शाईनं नाव घालत. तुकड्यावरचं नाव त्यांनी राखेनं घासघासून काढलं. तुकडा पांढराफेक झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब हेडमास्तरांच्या खोलीत चहा पीत होते, तेवढ्यात मास्तरांनी राजूरच्या कोळशाची शेगडी फुलवली. आपला तुकडा पालथा घातला, हरिसिंगाचा खिशात टाकला. मग खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या गेल्या. हरिसिंगानं सांडशीनं तुकडा उचलून अंधारात धरला.

"किनार कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

हरिसिंग पाहतच राहिला. मास्तरांच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

"अरे वा! ही तर अक्षरं!" साहेबच ओरडले.

लाल तुकड्याच्या मधोमध, लालाहून कितीतरी उजळ, तीन अक्षरं झळकत होती: यज्ञेश्व. पुढचं फुटक्या कडेत गेलं होतं.

हरिसिंगानं ती अक्षरं निरखून वाचली. मग म्हणाला, "शाई पुसली तरी तिच्यातलं लोखंड बशीत मुरलेलं राह्यते, साहेब. तेच चमकून राह्यलं."

"नामी युक्ती! कोणाची?"

"सरांची. तुकडा त्यायनंच ठेवला."

साहेब खूश. चाबी त्यांनी तिथेच मास्तरांच्या हातात दिली अन् हेडमास्तरांबरोबर पुढचे वर्ग पाहायला गेले.

हरिसिंगानं घोंगड्या काढल्या. निवलेला तुकडा टेबलावर ठेवला. नाव आता गंजासारखं तांबूस दिसत होतं.

"हा तुमचा, सर," तो हळूच म्हणाला अन् हात पुढे केला. "माह्यावाला द्या."

मास्तरांनी खिशातून काळ्या किनारीचा तुकडा काढला. पोराच्या या दिलदारीचा वाटला तितका हेवा त्यांना त्याच्या बी.एस्सी.चासुद्धा कधी वाटला नव्हता. तुकडा आणि चाबी, दोन्ही त्याच्या हातावर ठेवावीत असं एकदा मनात आलं. तुकडा त्यांनी त्याच्या हातावर ठेवला. चाबी काही मुठीतून सुटली नाही.