दार लागलंय का?

यतीन सोहोनी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या ज्या कंपनीत नोकरी करत होता तिथे एकूण एकोणीस माणसं होती आणि त्यातल्या अकरा जणांनी सहा वर्षं खपून सुपारीएवढा एक सेन्सर तयार केला होता. अंतराळयानाचं दार घट्ट लागलंय की नाही, एवढंच त्याने बघायचं. दाराच्या कडेने हवा जरा जरी सुटायला लागली तरी बोंब मारायची, एरवी गप्प. चार अंतराळवीरांना अवकाशस्थानकावर नेणाऱ्या यानात तो बसवला गेला, तेव्हा यतीनने घरी येऊन बायकोला हळू आवाजात सांगितलं. सुरुचीने ते फोनवर मोठ्या आवाजात पुण्याला सांगितलं. तिथून फिरून आइंडहोवनच्या मराठी मंडळाच्या चंद्रहासकाकांपर्यंत बातमी पोचली तोवर यतीनने रॉकेट बनवलं होतं.

काकांनी लगेच शनिवारी दुपारी हॉल घेतला. भिंतीवर पडदा, साठ माणसं, बटाटेवडे. यतीनला पहिल्या रांगेत बसवलं.

"सत्कार आधीच उरकू," काका म्हणाले. "नंतर लोक पांगतात."

"काका, पण अजून उडालं नाहीये."

"उडेल रे. नाही उडायला काय झालं?"

तेव्हा उड्डाणाला तासभर होता. यतीन शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन पडद्याकडे बघत बसला. अंतराळवीर आपापल्या जागी आडवे झाले होते, दार लावून झालं होतं. आणि मग घड्याळ थांबलं. निवेदिका म्हणाली, दाराच्या सेन्सरने गळती दाखवली आहे.

यतीन ताडकन उठला. नारळ गडगडत गेला.

"आमचा! आमचाच आहे तो!" तो ओरडला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या सेन्सरला कुणी काही विचारलं होतं आणि त्याने खणखणीत उत्तर दिलं होतं. आनंदाने तो मागे वळला, तर साठ माणसं वडे हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे तुझ्या पार्टमुळे थांबलं?" काकांनी विचारलं.

"पार्टमुळे नाही, काका. पार्टने थांबवलं."

"तेच ते."

दार पुन्हा उघडलं, तर रबराच्या कडेवर पुसायच्या फडक्याचा एक धागा चिकटलेला निघाला. धागा काढला, पण तोवर वेळ निघून गेली. स्थानक गाठायचं तर ठरल्या क्षणीच निघावं लागतं. उड्डाण बुधवारवर गेलं. हॉलमधून जाताना प्रत्येक जण यतीनच्या खांद्यावर हात ठेवून जात होता. "होतं असं," एक जण म्हणाला, "पुढच्या वेळी लक्ष द्यायचं." यतीनने धाग्याची गोष्ट अठरा वेळा सांगितली. अठराही जणांनी मान डोलावली, नाइलाज कळल्यासारखी.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, नोकरीची काळजी करू नका. हुशार माणसाला कुठेही मिळते."

सोमवारी ऑफिसात मात्र बॉस स्वतः सफरचंदाचा केक घेऊन आला. अकरा जणांनी तो उभ्याउभ्या संपवला. यतीनने घरी येऊन सांगितलं तशी सुरुची बघतच राहिली.

"उड्डाण झालं नाही म्हणून केक?"

"चार माणसं फटीतून हवा सोडत गेली नाहीत म्हणून."

"हे तू हॉलमध्ये असं सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं गं."

बुधवारी दुपारी त्यांच्या मुलीची, इरावतीची, पोहण्याची परीक्षा होती. इथे मुलांना कपड्याबुटांसकट पाण्यात उडी मारावी लागते आणि पाण्याखाली लावलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पार जावं लागतं, तरच डिप्लोमा. परीक्षा चार वाजता, उड्डाण चार बावीसला. तलावावर फोन काढायला बंदी.

"तू बाहेर थांबून बघ हवं तर," सुरुची म्हणाली. "मी आहे ना आत."

यतीनने क्षणभर विचार केला आणि आत जाऊन बसला. इरावतीचा नंबर आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार एकवीस झाले होते. ती बुटांसकट पाण्यात पडली, खाली गेली. यतीन ताडपत्रीकडे बघत श्वास धरून बसला. डोकं वर आलं, ते पलीकडे. मग त्याने घड्याळ पाहिलं. चार चोवीस.

बाहेर येऊन त्याने घाईघाईने फोन उघडला. ऑफिसच्या ग्रुपवर बॉसचा एकच मेसेज होता, 'काही ऐकू आलं नाही.' यतीनने तो तीनदा वाचला. मग शांतपणे सुरुचीला म्हणाला, "गेले वर. सुखरूप."

मंडळाच्या ग्रुपवर चंद्रहासकाकांनी लिहिलं होतं : 'सर्वांना कळवण्यास आनंद होतो की, यतीनच्या पार्टमधला दोष दूर केल्यावर यान व्यवस्थित उडालं. यतीनचं अभिनंदन!' खाली एकोणचाळीस टाळ्या.

यतीनने सहा ओळींचा खुलासा लिहिला. वाचला. मग पुसून टाकला आणि नमस्काराचे हात पाठवून दिले.

ओल्या केसांची इरावती डिप्लोमा हलवत आली. "बाबा, भोकातून जाताना मला बघितलंस?" तिने डचमध्ये विचारलं.

"पाण्याखाली कसं दिसणार?" तो मराठीत म्हणाला. "बाहेर आलीस तेव्हा बघितलं."