दिवस असेतो घरी

"बास. विळे खाली ठेवा," आबा म्हणाले आणि त्यांनी आपला विळा कमरेला खोचलासुद्धा.

धाकटीने, त्यांच्या सुनेने, मान वर केली. सूर्य टेकडीच्या वर अजून हातभर होता. पण टेकडीच्या मागून ढग चढत होता, ओल्या कांबळ्यासारखा जड, आणि कापलेल्या गव्हाच्या वीस-बावीस पेंढ्या उघड्या रानात पडल्या होत्या.

"आबा, अर्ध्या तासाचं काम आहे. चौघांनी मिळून वाहिल्या तर छपराखाली जातील सगळ्या."

"घरी चला म्हटलं ना."

"अहो पण पाऊस आला तर दाणा काळा पडेल!"

"पडू दे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मुकाट्याने दोरी गुंडाळत होता. सासू तर कधीच बांधावर जाऊन चपला झटकत होती. शेजारच्या वावरातून लोहाराने हाळी दिली. त्याच्या घरचे सगळे अजून वाकून कापत होते.

"काय स्वारसाहेब, छावणीची शिट्टी झाली वाटतं?"

"तुझ्या बापालाही हेच विचारायची सवय होती," आबा तिकडे न बघताच म्हणाले. "तो मेला, शिट्टी अजून होते."

लोहार खो खो हसला. धाकटीला मात्र हसू आलं नाही. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तरी या घरचा हा नेम काही तिच्या गळी उतरला नव्हता. आबांचे आजोबा घोडदळात होते. सगळं गाव त्या घराला स्वाराचं घर म्हणायचं. त्या स्वाराने घालून दिलेला एकच नेम घरात कडक पाळला जायचा, दिवस असेतो घरी. सांजेला जनावर सुटलं तरी सकाळपर्यंत कुणी शोधायला जायचं नाही. घोडदळातली शिस्त आहे ती, आबा सांगत, आणि सांगताना मिशीवरून हात फिरवत.

"शिस्त माणसासाठी असते का गव्हासाठी?" ती आज तोंडावर बोललीच. मग आबा बोलले, सासू बोलली, नवरा "जाऊ दे ना गं" म्हणाला, आणि या बोलाबोलीत उजेड भर्रकन उतरला.

तेवढ्यात घराकडून भिंगरी पळत आली. साडेचार वर्षांची, एका जागी न ठरणारी, म्हणून भिंगरी. "आईऽ" करत ती बांधावरून सरळ धावली आणि धाकटीपासून दोन हातांवर, रोजच्या पायाखालच्या पाटात धाडकन आडवी झाली.

धाकटीने तिला उचललं. गुडघा फुटला होता. पण तिचं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. पोर रडत होती, डोळे टक्क उघडे होते, आणि आई समोर असताना ती हात पसरून भलतीकडेच आईला शोधत होती.

"धांदरट आहे," सासू घाईघाईने म्हणाली. फार घाईघाईने.

रात्री पाऊस झाला. गहू भिजला. त्याचं दुःख करायला धाकटी जागेवर नव्हतीच. ती आठ दिवस पोरीच्या मागे सावलीसारखी होती. दिवसा भिंगरी उंबऱ्यावरची मुंगी टिपायची. दिवेलागणीला तीच भिंगरी भिंतीला हात लावत लावत चालायची, आणि विचारलं तर म्हणायची, "मी भिंतीला गुदगुल्या करते."

नवव्या दिवशी धाकटीने नवऱ्याला मोटारसायकल काढायला लावली.

शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून पोरीला तपासलं. मग दिवा लावून दोघांना समोर बसवलं.

"हिला कमी उजेडात दिसत नाही. जन्मापासूनच असावं. घरात आणखी कुणाला आहे?"

"छे," नवरा म्हणाला. "आमच्या घरात सगळ्यांची नजर ठणठणीत. माझे खापरपणजोबा... म्हणजे पणजोबा, घोडदळात होते."

"नीट आठवून सांगा. यात दोन प्रकार असतात. एकात फक्त अंधारात दिसत नाही, दिवसाची नजर म्हातारपणापर्यंत शाबूत राहते. दुसऱ्यात ती हळूहळू दिवसाचीही जाते. नक्की करायचं यंत्र मोठ्या शहरात आहे, तिथला नंबर चार महिन्यांनी लागेल. पण घरातल्या जुन्या माणसांचं काय झालं ते कळलं, तर मी आज बरंच सांगू शकते."

"कुणालाच नाही," नवरा पुन्हा म्हणाला.

येताना तो गाडी अशी हाणत होता की पोर पोटाशी धरून धाकटीचे हात दुखले. "एवढी कसली घाई?" तिने विचारलं.

"दिव्याचा उजेड बारीक आहे गं."

धाकटीने त्याच्या खांद्यावरून दिव्याकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वीच नवा दिवा बसवला होता आणि त्याची पावती तिनेच डब्यात ठेवली होती.

त्याच आठवड्यात शाळेच्या हेडमास्तरांचा निरोप आला. गावातून फौजेत गेलेल्यांची नावं शाळेच्या भिंतीवर कोरायची होती आणि प्रत्येकाची पानभर माहिती हवी होती. आबा फुलून गेले. माळ्यावरची पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः उतरवली, किल्ली धाकटीच्या हातात ठेवली.

"तू शिकलेली आहेस. चार ओळी झोकात लिही. घोड्याचा छापील दाखला वरच आहे, त्यावरून लिही. बाकीची अक्षरं जुन्या वळणाची आहेत, ती काही कुणाला लागायची नाहीत."

धाकटीने किल्ली कनवटीला लावली. कॉलेजात जुने कागद वाचायला शिकवणारे एक सर होते, वर्गाला पाच जण बसायचे, त्यातली ती एक. गंमत म्हणून बसली होती.

दुपारी भिंगरी झोपली की ती पेटी उघडायची. पहिल्या दिवशी घोड्याचा दाखला. *घोडी, रंग तांबडा, कपाळी पांढरा ठिपका, स्वभाव शांत.* मग हजेरीपटाची पानं. त्यात एक गोष्ट तिला खटकली. सगळ्या स्वारांचे पहारे पाळीपाळीने बदलत, याचे कधीच बदलत नसत. नऊ वर्षं सकाळचा पहारा. समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, *स्वतः मागून घेतो.*

घरात सांगत ती गोष्ट अशी की, लढाईत गोळी लागून घोडा पडला, स्वार जखमी झाला आणि मानाने घरी आला. दुसऱ्या दिवशी नोकरीतून सुटकेचा कागद हाती लागला. त्यात ना लढाई होती, ना गोळी. *सायंकाळनंतर दृष्टी नाही. ही गोष्ट नऊ वर्षे लपवली. सबब नोकरीतून कमी.*

तिने कागद मांडीवर ठेवला. दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात पोरीचे मिटलेले डोळे दिसत होते.

त्याखाली स्वाराने भावाला धाडलेलं पत्र होतं. *सांज झाली की माझ्या डोळ्यांवर पडदा येतो. इथे कुणाला सांगितले नाही. तांबडीला ठाऊक आहे. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसतो, वाट ती काढते. परवा ती आजारी म्हणून मला दुसरा घोडा दिला आणि सांजेला निघण्याचा हुकूम झाला. त्या घोड्याला काय ठाऊक, वर बसलेला आंधळा आहे. मी ओढ्याच्या कड्यावरून खाली गेलो. माझ्या मागोमाग माझा जोडीदार आला. मी वाचलो, तो गेला. घरच्या पोरांना नेम घालून द्या, दिवस असेतो घरी.*

"वाचलंस?" मागून आवाज आला. सासू दारात उभी होती. तिच्या हातातलं सूप तसंच होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

सासूने सूप भिंतीला टेकवलं आणि खाली बसली. "लग्नानंतर महिन्याभराने कळलं. सांजेला यांना पाणी दिलं, तर तांब्याच्या शेजारच्या हवेतच हात फिरवला यांनी. मला वाटलं, माझी थट्टा करतात. हसले मी. सासूने अशी चापट मारली की विचारू नकोस. म्हणाली, पुन्हा हसलीस तर माहेरी."

"आणि यांना? तुमच्या लेकाला?"

"तुझ्या नवऱ्याची मोटारसायकल अंधारात कधी बाहेर बघितलीस?" सासू म्हणाली. "सहा वर्षं झाली तुला. एवढी बारीक नजर तुझी, पण घरातलंच नाही दिसलं."

धाकटीला ते लागलं. पण तिसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी बाजार समितीचं एक ओळखपत्र सापडलं आणि ती ताडकन उठून बसली. स्वार घरी आल्यावर बाजारात घोड्यांची पारख करायचा. दात बघून वय सांगायचं, खुराची चीर शोधायची. ओळखपत्रावर शेवटचा शिक्का होता तेव्हा त्याचं वय होतं बहात्तर. बहात्तराव्या वर्षी दिवसाढवळ्या घोड्याच्या खुरातली चीर ज्याला दिसते, त्याची दिवसाची नजर गेली नव्हती. डॉक्टरीणबाईंना हवं होतं ते हेच. पण एका कागदावरून त्या काय सांगणार? जितं माणूस समोर हवं होतं.

चौथ्या दिवशी आबांनी ओसरीवर बैठक मांडली. "झालं का लिहून? वाच बघू, सगळ्यांना ऐकू दे."

धाकटीने स्वाराचं पत्रच वाचलं. पहिल्या दोन ओळींतच आबांचा चेहरा दगडासारखा झाला. नवरा खाली फरशीकडे बघत राहिला.

"कुणी सांगितलं तुला ते उघडायला?"

"किल्ली तुम्हीच दिलीत, आबा."

"ते जाळून टाक. चुलीत घाल."

"नाही घालणार. मला तुम्हाला दवाखान्यात न्यायचंय. तुम्हाला, आणि यांनाही."

"मी आंधळा आहे म्हणून सांगायला? या वयात? सगळ्या गावात दवंडी पिटायची? आणि उद्या पोरीला उजवायची कशी, ते सांग. कोण करून घेईल?"

"आबा, ती साडेचार वर्षांची आहे. मला आधी तिला मोठी तर करू द्या." धाकटी थांबली नाही. "बाई म्हणाल्या, दोन प्रकार असतात. एकात दिवसाची नजर राहते. दुसऱ्यात पार जाते. मी रोज सकाळी पोरीला उठवते आणि आधी तिच्यापुढे बोटं धरते, किती दिसतात विचारते. तिला तो खेळ वाटतो. चार महिने मी हे करू? तुम्ही समोर बसलात तर मला आज कळेल. स्वाराने नऊ वर्षं लपवलं आणि जोडीदार गेला. आपण अजून किती जण घालवणार?"

या शेवटच्या वाक्यावर आबांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं, आता हात उगारतात. पण ते काठीला हात न लावता उठले आणि गोठ्यात गेले. जेवायला आले नाहीत. सासूने ताट झाकून ठेवलं, ते सकाळी तसंच होतं.

धाकटी धास्तावली. आपण फार बोललो की काय, असं मनात घोळवत ती अंगण झाडायला बाहेर आली, तर आबा पायरीवर बसलेले. धुतलेला सदरा, पायात वहाणा.

"पहिली गाडी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं. "आणि त्याला उठव तुझ्या नवऱ्याला. दिवा बारीक म्हणावं तर आता दिवस आहे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आबांना बारीक अक्षरांचा कागद दिला. आबांनी चष्म्याविना शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे त्यांना समोरची खुर्चीही दिसली नाही. नवऱ्यालाही नाही. तो बाहेर आला तो बायकोची नजर चुकवत. "मला पण लिहा," एवढंच म्हणाला.

"यंत्राची तपासणी करायचीच," बाई धाकटीला म्हणाल्या, "पण हे अडुसष्टाव्या वर्षी असं वाचत असतील, त्यांचे आजोबा बहात्तराव्या वर्षी घोडे पारखत असतील, तर तुमच्या घरात बहुतेक पहिलाच प्रकार आहे. दिवसाची नजर राहील असं वाटतंय."

धाकटीने भिंगरीला इतकं आवळून धरलं की पोर कुरकुरली.

बाईंनी नवा कागद घेतला, त्यावर घराची वंशावळ काढायला लागल्या. स्वार. आबांचे वडील. आबा. "बायकांपैकी कुणी?"

आबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, कुणीतरी उठून गेलं.

"मला थोरली बहीण होती," ते शेवटी म्हणाले. नवऱ्याने चमकून वर पाहिलं. त्याला आत्या दोनच ठाऊक होत्या, दोघीही आबांहून धाकट्या. "सतरा वर्षांची. घरात पाहुणे आले, पाणी संपलं होतं. सांजेला विहिरीवर गेली. मी नऊ वर्षांचा, तिच्या पदराला धरून होतो. पदर हातातून सुटला आणि आवाज आला. तिने मला हाकही मारली. मी काठावर उभा. मलाही काही दिसत नव्हतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गाव म्हणालं, उडी घेतली. काय काय कारणं लावली पोरीला. मी वडलांना म्हटलं, तिच्या हातात घागर होती, जीव द्यायला जाणारी घागर सांभाळून नेते का? वडील म्हणाले, म्हणू दे. धाकट्या दोघींची लग्नं व्हायचीत. एकीची बदनामी चार वर्षांत विझेल, डोळ्यांची विझणार नाही. मग तिचं नाव घरात घेतलं नाही कुणी. मीपण नाही."

"नाव सांगता?" बाईंनी हळू विचारलं.

आबांनी सांगितलं. आधी हळू, मग पुन्हा मोठ्याने.

बाईंनी नाव लिहिलं, पुढच्या रकान्यावर पेन थांबलं. "मृत्यूचं कारण?"

"पडली," आबा म्हणाले. "उडी नाही. पडली, असं लिहा."

बाईंनी लिहिलं. आबांनी हात पुढे करून कागद मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत ती ओळ वाचली.