अतियानं बांधलेली खोली

घाटंजीत वाहिदभाईंचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागूनच त्यांच्या मुलीचं, अतियाचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. २०१५ च्या मार्चमध्ये एका दुपारी शुभदाताई हातात एक सीडी घेऊन तिथे आल्या.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर शुभदाताईंनी एक केंद्र सुरू केलं होतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत ज्यांच्या नवऱ्यानं किंवा मुलानं जीव दिला, त्या बाया तिथे येऊन मन मोकळं करायच्या. त्या काय बोलल्या ते ताई कॉम्प्युटरवर लिहून ठेवत. "हे माझ्याबाहेर जाणार नाही," असा शब्द त्यांनी प्रत्येकीला दिला होता.

"मदत पाठवणाऱ्या संस्थेनं हा प्रोग्रॅम पाठवलाय," ताई म्हणाल्या. "महिन्याचा अहवाल यातूनच भरायचा म्हणे. पण केंद्रात कॉम्प्युटर एकच, आणि बायांचं सगळं त्यातच. हा आत शिरून काय काय पाहील, कोणी सांगावं?"

अतियानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "त्याच्यासाठी सँडबॉक्स असते, ताई. परक्या प्रोग्रॅमले एका बंद खोलीत चालवाचं. बाहेरचं घर त्याले दिसतच नाई."

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आली. केंद्राच्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स तिनंच टाकून दिलं होतं. पण त्या मशीनसाठी सँडबॉक्सचं तयार पॅकेज मिळेना. मग तिनं त्याचा सोर्स कोडच, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅमच, इंटरनेटवरून उतरवून घेतला.

"म्हणजे आता तू ते स्वतः बनवणार?" ताईंनी विचारलं.

"लिहिलं दुसऱ्यानं. मी फक्त इथं बांधून राह्यली."

पहिल्या खेपेला मशीननं एकच ओळ दाखवली आणि काम थांबलं. अतियानं ती ओळ बोट ठेवून वाचली. लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारा कंपायलरच मशीनवर नव्हता. तो टाकला. पुन्हा थांबलं, कारण आता दुसरी एक फाइल कमी होती. ताईंना वाटलं, आता ही वैतागेल. अतिया मात्र प्रत्येक चूक कुणी आपल्याला पत्ता सांगावा तशी शांतपणे वाचत होती. अखेर पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या आणि शेवटी एकही तक्रार उरली नाही.

"आता तुमचा पासवर्ड टाका," ती म्हणाली आणि उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ताईंना त्या क्षणी ती फार आवडली.

मग अतियानं आधी एक साधा प्रोग्रॅम त्या बंद खोलीत चालवून पाहिला. बायांचं फोल्डर कुठेच दिसेना.

"झालं की!" ताई आनंदानं म्हणाल्या.

"थांबा, ताई. मले अजून भरवसा नाई."

तिनं एकेक दार ढकलून पाहावं तसा सगळा कॉम्प्युटर आतून तपासला. आणि तिचा चेहरा उतरला. ताई दर शनिवारी मशीनला जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल ठेवत. ती डिस्क आतून उघडी दिसत होती, बायांच्या नावांसकट.

"माझी चूक झाली," अतिया सरळ म्हणाली. "मी तुमचं फोल्डरच झाकलं, ही डिस्क राह्यलीच."

सबबी सांगणारी माणसं ताईंनी शाळेत आयुष्यभर पाहिली होती. आपली चूक आपणच शोधून काढणारी ही पहिलीच. अतियानं ती डिस्क झाकली, त्या खोलीपुरतं इंटरनेट तोडलं आणि सगळी तपासणी पहिल्यापासून केली. त्यानंतरच संस्थेचा प्रोग्रॅम चालवला.

अहवालाचा फॉर्म नीट उघडला. खाली एक ओळ आली, 'कागदपत्रे शोधत आहे', आणि थोड्या वेळानं, 'सापडली: शून्य'.

ताई त्या शून्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे हा शोधत होता," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच संस्थेला फोन लावला. "तुमच्या सोयीसाठीच आहे ते, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला, "सगळ्या कागदपत्रांची आपोआप नक्कल होते." ताई कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "त्या बायांना विचारलंत का?" एवढंच म्हणाल्या. त्या महिन्याचा अहवाल त्यांनी खोलीत भरून ईमेलनं पाठवला. पुढच्या महिन्यात संस्थेनं तो शोध काढून टाकलेली नवी सीडी पाठवली. तीही अतियानं आधी खोलीतच उघडली.

ही गोष्ट उमरखेडच्या तशाच एका केंद्रापर्यंत गेली. तिथल्या कौसल्याबाईंनी बोलावलं, तेव्हा दोघी एसटीनं गेल्या. "लवकर करून दे बाई," कौसल्याबाई म्हणाल्या, "मले यातलं काई समजत नाई."

अतियानं कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "मी सांगतो, तुम्ही टाइप करा, मावशी. उद्या मी नसन, तं तुमालेच करा लागन."

कौसल्याबाई एका बोटानं अक्षर शोधू लागल्या. चुकलेली ओळ अतियानं त्यांना तीनदा पुसू दिली. घाटंजीची शेवटची गाडी चुकली तरी ती खुर्चीवरून उठली नाही, आणि ताईंनीही घड्याळ पाहिलं नाही.